वाड्यात कुठून काय दिसतं हे लेझर स्कॅननं कसं काढायचं

जुन्या वाड्यांचं डॉक्युमेंटेशन करणारे बरेच जण आता लेझर स्कॅनर वापरतात, पण स्कॅन झाला की त्यातून प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन अशी ड्रॉइंग काढतात आणि हार्डडिस्क कपाटात जाते. मला ह्याची फार हळहळ वाटते. त्याच डेटातून अजून एक गोष्ट निघते जी टेपनं मोजलेल्या प्लॅनमधून कधीच नीट निघत नाही, ती म्हणजे ह्या जागेत कोण कुठे बसलं असता त्याला काय दिसत होतं आणि तो स्वतः कुणाला दिसत होता. वाडा बऱ्याच अंशी ह्याच हिशोबानं बांधलेला असतो ना, देवडीतल्या पहारेकऱ्याला दिंडीतून, म्हणजे मोठ्या दरवाज्यातल्या छोट्या दारातून, वाकून येणारा माणूस आधी दिसला पाहिजे, त्या माणसाला मात्र थेट माजघर दिसता कामा नये, दिवाणखान्यातल्या बैठकीवरून चौक नजरेत राहावा, आणि आतल्या बायकांना जाळीआडून बाहेर काय चाललंय ते कळावं. हे सगळं आपण वाडा दाखवताना सांगतो, मोजून दाखवतं मात्र क्वचितच कोणी.

तर एक किंवा दोन चौकी वाड्यावर हे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं करायचं ते लिहितेय. हीच पद्धत शाळेला, हॉस्पिटलच्या वॉर्डला, म्युझियमला पण चालते, मधे मधे सांगेनच.

आधी थोडी पार्श्वभूमी, थोडीच. एका जागी उभं राहिल्यावर जेवढा भाग दिसतो त्याच्या आकाराला आयसोव्हिस्ट म्हणतात, हा शब्द टँडी यांनी १९६७ मध्ये वापरला आणि मायकल बेनेडिक्ट यांनी १९७९ मध्ये त्याला मोजमापं दिली, म्हणजे त्या आकाराचं क्षेत्रफळ किती, परीघ किती, त्यातल्या किती कडा खऱ्या भिंतीच्या आणि किती नुसत्या आडोशामुळे तयार झालेल्या. पुढे २००१ मध्ये यूसीएलमधल्या, म्हणजे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या, ॲलिस्डर टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अख्ख्या प्लॅनवर जाळं टाकून प्रत्येक चौकटीतून दुसरी कुठली चौकट दिसते ह्याचा ग्राफ बांधायची पद्धत मांडली, आणि ती डेप्थमॅप सॉफ्टवेअरमधून सगळीकडे पसरली. आज डेप्थमॅपएक्स फुकट मिळतं. ही सगळी पद्धत चांगलीच आहे पण ती प्लॅनवर चालते, म्हणजे एका ठरावीक उंचीवर जागा आडवी कापून. आणि आपला वाडा तर जमिनीवर बसणाऱ्या माणसांसाठी बांधलेला आहे, खिडक्यांचे उंबरे जमिनीलगत, ओसरी चौकापेक्षा उंच, माडीला कठडा. तिथे डोळ्याची उंची बदलली की सगळंच बदलतं. स्कॅन हवा तो ह्यासाठी.

एक आकडा सांगते म्हणजे पटेल. मांडी घालून बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण ७५ सेंमीवर असतो, उभ्या माणसाचा साधारण १५० सेंमीवर. ओसरीचं जोतं जर अडीच फुटांचं, म्हणजे ७५ सेंमी असेल, तर ओसरीवर बसलेल्याचा डोळा चौकात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याच्या बरोबर समोर येतो. म्हणजे येणाऱ्याशी बोलायला मालकाला उठावंही लागत नाही आणि मान वर करावी लागत नाही. प्लॅनमध्ये हे कुठे दिसणार? प्लॅनमध्ये ओसरी आणि चौक ह्यांच्यात फक्त एक रेघ असते.

कामाला लागायच्या आधी प्रश्न लिहून काढा

हे टाळू नका, कारण स्कॅन कुठून घ्यायचे आणि किती बारीक घ्यायचे ते प्रश्नावर ठरतं. "वाड्याची व्हिजिबिलिटी काढायची आहे" हा प्रश्न नव्हे. "दिंडीतून आत पाऊल टाकल्यावर किती पावलांनंतर देवघराचं दार दिसायला लागतं", "माजघरात बसलेल्या बाईला जाळीतून दिवाणखान्याचा किती भाग दिसतो", "माडीवरच्या सज्जातून चौकात उभा असलेला माणूस दिसतो का" हे प्रश्न झाले. प्रत्येक प्रश्नात बघणारा कुठे, तो बसलेला की उभा, आणि बघायची गोष्ट कुठली, एवढं आलंच पाहिजे. घरात कोणी वयस्कर माणसं अजून राहात असतील तर त्यांना विचारा की कोण कुठे बसायचं, कुठला दरवाजा एरवी बंद असायचा, पडदा कुठे होता. ही माहिती कुठलाच स्कॅनर देत नाही आणि माणूस गेला की ती पण जाते.

परवानगीचं पण आत्ताच बघा. वाडा खासगी असेल तर मालकांची लेखी घ्या, आणि जिथे अजून बिऱ्हाडं आहेत तिथे प्रत्येक बिऱ्हाडाला सांगून घ्या कारण स्कॅनमध्ये त्यांच्या भिंतीवरच्या फोटोंपासून दोरीवरच्या कपड्यांपर्यंत सगळं येतं. संरक्षित वास्तू असेल तर एएसआय (भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण) किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, त्याला वेळ जातो, तो धरून चला.

मशीन कुठलं

ट्रायपॉडवर ठेवायचा स्कॅनर भाड्यानं मिळतो, पुण्या-मुंबईत सर्व्हेवाल्यांकडे चौकशी करा. छोट्या मशीनमध्ये लायकाचा बीएलके३६० घ्या उदाहरणाला, २०१६ मध्ये आलेलं त्याचं पहिलं मॉडेल जेमतेम १ किलोचं, सेकंदाला ३ लाख ६० हजार पॉइंट (किरण जिथे जिथे लागला ते मोजलेले बिंदू) आणि पल्ला ६० मीटर, वाड्याला हे भरपूर झालं. आयफोनच्या प्रो मॉडेलमध्ये २०२० पासून जो लायडार, म्हणजे छोटा लेझर स्कॅनर, आहे त्याचा पल्ला साधारण ५ मीटर, एका खोलीच्या सरावाला तो छान आहे पण जाळी, कठड्याचे गज, खांबावरचं कोरीव काम ह्यात तो सगळं गुळगुळीत करून टाकतो, आणि आपल्याला तर नेमकी तीच भोकं हवीत.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या. लेझरचा किरण सरळ जातो आणि पहिल्या अडथळ्याला लागून परत येतो, म्हणजे एका जागेवरून घेतलेला स्कॅन हाच त्या जागेचा थ्रीडी आयसोव्हिस्ट असतो, आयता. मशीनला जे दिसलं नाही ते तिथल्या डोळ्यालाही दिसलं नसतं. म्हणून ट्रायपॉड नेहमीच्या दीड मीटरवर ठेवून सगळा वाडा उरकायचा आणि घरी यायचं असं करू नका. जिथे जिथे माणूस बसत होता त्या जागी, म्हणजे देवडीतला कट्टा, ओसरीचा खण, दिवाणखान्याची बैठक, जाळीमागची जागा, तिथे ट्रायपॉडचे पाय आखडून मशीनचा किरण फेकणारा आरसा ७५ सेंमीवर आणून एक जादा स्कॅन घ्या. पुढे कॉम्प्युटरवर जे काही गणित कराल त्याची पडताळणी करायला हे स्कॅन सोन्यासारखे उपयोगी पडतात.

स्कॅन घेताना

ओसरीत दर दोन खणांना (खण म्हणजे दोन खांबांमधली जागा) एक, प्रत्येक खोलीत किमान एक, आणि प्रत्येक दाराच्या चौकटीत एक. चौकटीतला स्कॅन लोक गाळतात आणि मग दोन खोल्यांचे स्कॅन एकमेकांना जुळत नाहीत, कारण जाड भिंतीच्या दारातून पलीकडचं फारच थोडं दिसतं. शेजारशेजारच्या दोन स्कॅनमध्ये निदान तिसरा हिस्सा भाग सारखा आला पाहिजे असं धरा. जिन्यात तर अजून जवळ जवळ, वाड्याचे जिने भिंतीतून अरुंद चढतात, तिथे खाली, मधे आणि वर असे तीन लागतातच.

बारीकपणाचं गणित सोपं आहे. मशीनची सेटिंग १० मीटरवर ६ मिमी अशी असेल तर ५ मीटरवर दोन पॉइंटमधलं अंतर ३ मिमी. जाळीचं सगळ्यात लहान भोक जेवढं असेल त्याच्या अर्ध्याहून हे अंतर कमी हवं, आणि मी तर पाचवा हिस्सा धरते, कारण किरण जाळीच्या काठाला अर्धा लागून अर्धा पुढे जातो तेव्हा मशीन दोन्हींच्या मधेच कुठेतरी हवेत पॉइंट टाकतं आणि असे पॉइंट काढून टाकल्यावर मूळ जाळी उरली पाहिजे.

जाळी नेहमी दोन्ही बाजूंनी आणि तिरक्या कोनातून पण स्कॅन करा. समोरून घेतलेल्या स्कॅनमध्ये जाळीची जाडी येत नाही आणि सगळा खेळ जाडीचाच असतो. भोक ४ सेंमीचं आणि लाकडाची जाडी ३ सेंमी असेल तर समोरच्या रेषेपासून साधारण ५३ अंशांपेक्षा जास्त तिरकं बघणाऱ्याला त्यातून आरपार काहीच दिसत नाही. म्हणजे त्या बाजूला बसलेल्या पाहुण्याच्या दृष्टीनं ती जाळी म्हणजे भिंतच. हा कोन टेपनं मोजूनही काढता येतो, पण सगळ्या भोकांसाठी आणि सगळ्या बसायच्या जागांसाठी काढायचा तर स्कॅनच लागतो.

दारं शक्यतो सताड उघडी ठेवून स्कॅन करा आणि मग मुख्य दारं बंद करून त्यांचा वेगळा स्कॅन घ्या. आरसे आणि काचेची कपाटं चादरीनं झाका, नाहीतर भिंतीपलीकडे एक खोटी खोली तयार होते. खिडकीच्या काचेचं उलट, तिथे काचेवर पडलेले पॉइंट नंतर काढून टाकायचे कारण डोळ्याला काच आड येत नाही. चौकात उभ्या स्कूटर, पाण्याच्या टाक्या, नंतर घातलेली प्लायवूडची पार्टिशनं हे सगळं स्कॅनमध्ये येऊ द्या पण वहीत नोंद करा काय काय जुनं नाही ते. पहाटे काम सुरू केलंत तर येजा कमी असते, चालणारी माणसं स्कॅनमध्ये लांबट पट्ट्यांसारखी उमटतात आणि ती साफ करण्यात दिवस जातो.

जुळवणी आणि सफाई

मशीनसोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये स्कॅन जुळवा. ५–१० मिमीची चूक राहिली तरी नजरेच्या कामाला काही बिघडत नाही, पण चौकाभोवती एक फेरी मारून पहिल्या स्कॅनला परत येतो तिथे भिंत दुहेरी दिसतेय का ते नक्की तपासा.

एक्सपोर्ट करताना ई५७ फॉरमॅट घ्या आणि प्रत्येक स्कॅन वेगळा ठेवा, सगळे एकत्र करून पॉइंटचा एकच मोठा ढग बनवू नका. कारण वेगळ्या स्कॅनमध्ये मशीन कुठे होतं ती जागा पण साठवलेली असते, आणि ती असली की किरण कुठून कुठे गेला हे कळतं, आणि ते कळलं की मधली जागा रिकामी होती हे खात्रीनं सांगता येतं. ती माहिती गेली तर "इथे काही नाही" आणि "इथे मशीननं बघितलंच नाही" ह्यातला फरक पुसला जातो. नजरेच्या अभ्यासात हा फरक फार मोठा आहे, न बघितलेल्या कोपऱ्यातून कॉम्प्युटर खुशाल नजर आरपार पाठवतो.

सफाईला क्लाउडकम्पेअर वापरा, फुकट आहे. त्यात सुटे पॉइंट उडवायचा जो फिल्टर असतो तो अख्ख्या वाड्यावर एकदम चालवू नका, तो जाळीचे आणि कठड्याचे बारीक गज पण खातो. आधी जाळ्या कापून वेगळ्या थरात ठेवा, मग बाकीच्यावर फिल्टर. थर असे करायचे: मूळ वाडा, दारांच्या फळ्या, जाळ्या, हलणारं सामान, नंतरची बांधकामं. म्हणजे पुढे एखादा थर बंद करून "दार लावल्यावर काय", "पार्टिशन नसताना काय" असे प्रश्न विचारता येतात.

पहिला मार्ग, काप काढून

सगळ्यात सोपं हे, आणि पहिल्यांदा हेच करा. क्लाउडकम्पेअरमध्ये जमिनीपासून ७५ सेंमीवर आणि १५० सेंमीवर साधारण ५ सेंमी जाडीचे आडवे काप घ्या, ते कॅडमध्ये (ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) नेऊन रेघा गिरवा, डीएक्सएफ फाइल करून डेप्थमॅपएक्समध्ये उघडा, ३० सेंमीचं जाळं टाका आणि चालवा. १२ बाय २० मीटरच्या वाड्याला साधारण २,७०० चौकटी होतात, म्हणजे ३६ लाखांच्या आसपास जोड्या, साध्या लॅपटॉपवर आरामात होतं. दोन्ही नकाशे शेजारी शेजारी लावून बघा. उभ्या उंचीच्या कापात खिडक्यांच्या वरच्या महिरपी आणि बंद तावदानं येतात, बसल्या उंचीच्या कापात खिडक्या उघड्या मिळतात आणि आतल्या खोल्या अचानक रस्त्याला किंवा चौकाला जोडल्या जातात. ज्या चौकटींचा रंग दोन नकाशांत सगळ्यात जास्त बदलतो तिथेच बहुतेक वेळा बसायची जागा सापडते.

हा मार्ग एकाच सपाट मजल्यापुरता. ओसरी आणि चौक ह्यांच्या पातळ्या वेगळ्या, नजर तिरकी वरखाली जाते, आणि माडी आली की काप काही कामाचा नाही.

माडीचं गणित एकदा हातानं करून बघाच. कठडा भरीव आहे, ९० सेंमी उंच, माणूस त्याच्या १ मीटर मागे उभा, डोळा १५० वर, आणि माडीची जमीन चौकापासून ३ मीटर वर. त्याची नजर कठड्यावरून दर मीटरला ६० सेंमी खाली उतरते, डोळा चौकापासून साडेचार मीटर उंच, म्हणजे चौकाची जमीन त्याला स्वतःपासून साडेसात मीटरच्या पुढेच दिसणार. सहा मीटर रुंदीच्या चौकाची जमीन त्याला अजिबात दिसत नाही, लांबच्या टोकाला उभी असलेली माणसं नडगीपासून वर दिसतात आणि कठड्याजवळची अजिबात दिसत नाहीत. तोच माणूस पुढे येऊन कठड्यापासून २० सेंमीवर उभा राहिला की दीड मीटरच्या पुढचं सगळं दिसतं. एका पावलाचा फरक! आणि तो मागे असतानाही चौकातल्या माणसाला त्याचं फक्त डोकं दिसतं, बाकी तो झाकलेला. सज्जात कुठे उभं राहायचं हे माहीत असलेल्या माणसाच्या हातात केवढी ताकद होती बघा.

दुसरा मार्ग, थ्रीडी

ह्यात सगळा वाडा छोट्या घनांमध्ये, म्हणजे व्हॉक्सेलमध्ये, मोडायचा आणि प्रत्येक घन भरलेला, रिकामा की अज्ञात हे ठरवायचं. ऑक्टोमॅप नावाची फुकट सॉफ्टवेअर लायब्ररी नेमकं हेच करते आणि त्यासाठी मघाशी सांगितलेली मशीनची जागा लागते. पायथनमध्ये प्रोग्रॅमिंग येत असेल तर ओपनथ्रीडी पण बघा, त्यात मेशवर (पॉइंट जोडून केलेल्या पृष्ठभागावर) किरण सोडून मधे काही आड येतंय का ते तपासायची सोय आहे.

घनाचा आकार निवडताना नीट विचार करा. फार मोठा घेतला तर जाळीची भोकं बुजतात, फार लहान घेतला तर भिंतीच्या पॉइंटमधल्या फटींतून किरण गळतात आणि भिंतीपलीकडचं दिसायला लागतं. पॉइंटमधल्या अंतराच्या दोन ते तीन पट ही खालची मर्यादा. भिंतींना ५ सेंमी पुरतं, २० बाय १२ बाय ७ मीटरच्या वाड्यात मग सव्वा कोटीच्या वर घन होतात, सगळीकडे २ सेंमी घेतलं तर २१ कोटी. म्हणून भिंतींना मोठे आणि जाळ्यांच्या थराला १ सेंमी किंवा त्याहून बारीक असं वेगवेगळं करा.

मग बघणाऱ्याचे डोळे ठेवा, प्रश्नाप्रमाणे. चारी दिशांना किरण सोडायचे तर कोन बारीक ठेवावा लागतो, दर अंशाला एक किरण सोडला तर १० मीटरवर दोन किरणांत साडेसतरा सेंमीची फट पडते आणि दूरची जाळी त्यात हरवते. त्यापेक्षा डोळ्यापासून लक्ष्यापर्यंत थेट किरण सोडणं मला जास्त आवडतं. लक्ष्य माणूस असेल तर त्याचं डोकं, छाती, कंबर, गुडघे, पावलं असे पाचसहा बिंदू ठेवा आणि त्यातले किती दिसतात ते मोजा, मग "माणूस दिसतो", "नुसतं डोकं दिसतं", "पाय दिसतात पण चेहरा नाही" असे निकाल मिळतात आणि हे निकाल वाडा न बघितलेल्या माणसालाही लगेच कळतात. दिंडीतून आत येण्याच्या वाटेवर दर ३० सेंमीला एक डोळा ठेवून हे चालवलं की कितव्या पावलाला काय उघडतं ह्याचा आलेख तयार होतो.

हॉस्पिटलच्या वॉर्डात पण हेच करा, सिस्टर खुर्चीत बसल्या की त्यांचा डोळा साधारण ११५–१२० सेंमीवर येतो, काउंटर ११० चा असेल तर जवळच्या खाटेवरचा पेशंट त्यांना दिसतो का? प्लॅनवर तो दिसतो असंच येणार.

उजेड विसरू नका

आत्तापर्यंतच्या सगळ्या हिशोबात अ ला ब दिसतो तर ब ला पण अ दिसतो, कारण सरळ रेघ दोन्हीकडून सारखीच. वाड्यात असं नसतं. माजघरात अंधार, चौकात ऊन, मधे जाळी, अशा वेळी आतल्या बाईला चौक लख्ख दिसतो आणि चौकातल्याला आतलं काहीच नाही. लेझरला ह्यातलं काही कळत नाही कारण तो स्वतःचा उजेड घेऊन फिरतो. म्हणून सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला प्रत्येक बघायच्या जोडीच्या दोन्ही टोकांना लक्समीटरनं उजेड मोजा, मीटर नसेल तर मोबाइलचं ॲप चालेल, इथे नेमक्या आकड्यापेक्षा दोन टोकांमधली तफावत महत्त्वाची. मग नकाशावर त्या जोडीला दोन बाण काढा, दोन्ही बाजूंनी दिसतं की एकाच बाजूनं. संध्याकाळी आत समई किंवा दिवा लागला की बाण उलटतो, आणि मग पडदा कधी ओढला जात असेल ह्याचा अंदाज येतो. माझ्या मते ह्या दोन-बाणांच्या नकाशाशिवाय वाड्याच्या नजरेचा अभ्यास पूर्णच होत नाही.

शेवटी परत वाड्यात जाऊन तपासा

कॉम्प्युटरनं दिलेले दहाबारा निकाल निवडा, त्यातले निम्मे "दिसतं" वाले आणि निम्मे "दिसत नाही" वाले, आणि दोन माणसांनी प्रत्यक्ष त्या जागी बसून-उभं राहून बघा, फोटो डोळ्याच्या उंचीवरूनच काढा. चुकलेले निकाल बहुतेक करून जाळी, पडदा किंवा न स्कॅन झालेला कोपरा ह्यातले निघतात, तेवढा भाग परत स्कॅन करून घ्या. घरातल्या एखाद्या आजींना जाळीमागे बसायला सांगितलंत तर त्या कुठल्या कोनात, किती पुढे सरकून बसतात ते बघा आणि डोळ्याची उंची टेपनं मोजा, मी वर दिलेले ७५ सेंमी हे अंदाजाचे आहेत आणि नऊवारीत पाटावर बसलेल्या छोट्या चणीच्या बाईला ते लागू होतीलच असं नाही.

नकाशे देताना प्रत्येकावर डोळ्याची उंची, दारं उघडी की बंद, आणि दिवसाची वेळ लिहा. मूळ ई५७ फाइलींची एक प्रत वाड्याच्या मालकांना द्या, आणि सोबत साध्या फोनवर उघडेल असा एक छोटा व्हिडिओ, बैठकीच्या जागेवरून बसल्या उंचीनं चौकाकडे बघणारा.